शुभेच्छुक : रिंढे सर

रिंढे सरांची आठवण मला फ्लेक्स पाहिला की येते, आणि आमच्या अंबडला फ्लेक्स बारा महिने असतात. म्हणजे या माणसापासून माझी सुटका नाही. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, दसरा, ईद, दहावीचा निकाल. वर एक मोठं डोकं, खाली लहान डोक्यांची रांग, आणि सगळ्यांचे हात जोडलेले. ते हात पाहिले की माझं तोंड कडू होतं. चौकातली माणसं समजतात, उत्तमशेठला राजकारणाचा तिटकारा आहे. राजकारणाचं मला काही नाही. मला एका माणसाचा तिटकारा आहे आणि तो माणूस राजकारणात कधी नव्हता. तो वेबसाइटी चालवायचा.

मी जुने ट्रॅक्टर घेतो आणि विकतो. गावाबाहेर रोडला लागून पत्र्याचं शेड आहे, पुढं मोकळं आवार. बापानं मला स्पॅनरसुद्धा घेऊन दिला नव्हता. जे आहे ते माझं मी उभं केलं आहे. भाव करताना माझा आवाज चढतो, समोरच्याला घाम फुटेपर्यंत मी सोडत नाही, हे सगळा तालुका जाणतो. पण एकदा शब्द दिला की दिला. आमच्या धंद्यात दुसरं असतं काय? नव्या ट्रॅक्टरमागं कंपनी उभी असते. जुन्यामागं फक्त विकणारा उभा असतो. त्याचं नाव गेलं की आवारात उभं असतं ते लोखंड.

या नावासाठीच मी रिंढे सरांकडं गेलो. तोवर माझं नाव अंबड आणि घनसावंगीपर्यंत होतं. मला ते जाफराबादच्या पुढं, बुलढाणा-वाशीमपर्यंत न्यायचं होतं.

सर हे नाव त्यांना संगणकाच्या क्लासमुळं पडलं. अंबडच्या निम्म्या कारकुनांना टायपिंग त्यांनीच शिकवलं. पुढं क्लास मोडला आणि त्यांनी बसस्टँडसमोर कापड दुकानाच्या माडीवर एक खोली घेतली. काचेचं पार्टिशन, त्यामागं एसी आणि एसीच्या गारव्यात त्यांचा सर्व्हर. दुसरे लोक मुंबईकडं कुठं तरी सर्व्हर भाड्यानं घेतात. सर म्हणायचे, "आपला माल आपल्या डोळ्यापुढं पाह्यजे." सर्व्हरला लिंबू-मिरची बांधलेली होती. लाइट गेली तर गॅलरीत जनरेटर. तालुक्यातल्या दुकानांच्या, शाळांच्या, मंगल कार्यालयांच्या साइटी त्या एका डब्यात राहायच्या.

उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशाला तीन-चार पेनं. लिहिताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. पेनाचं टोपण काढायचं आणि कान कोरायचा, एवढाच त्या पेनांचा उपयोग. कोरून झालं की टोपण उजेडात धरून बघायचे, आणि मग त्याच टोपणानं स्क्रीनवर दाखवायचे, "इथं बघा शेठ." त्यांच्या स्क्रीनवर जागोजाग पिवळे ठिपके वाळलेले असायचे. शेंगा खायचे आणि टरफलं कीबोर्डच्या खाली सारायचे. कीबोर्ड उचलला की चतकोर पोतं निघेल असं वाटायचं. त्या टेबलावर आलेला चहा मी एकदाच प्यालो.

तरी हेही सांगितलं पाहिजे, कारण सौद्यात मालाचा चांगला भाग झाकून ठेवणारा मी नाही. माझी साइट बनवायला सर स्वतः आले होते. भर उन्हात आले, आणि एकेक ट्रॅक्टर पुसून त्याचा फोटो काढला. नंबरप्लेटवरची धूळ स्वतःच्या रुमालानं झाडली. टायर किती झिजलंय ते दिसावं म्हणून मातीत गुडघे टेकले. आमचे रशीदभाई, म्हणजे माझ्या आवारातले मिस्त्री, इंजिनचं सगळं काम त्यांच्या हातात, ते माझ्या कानात म्हणाले, "शेठ, ये आदमी काम का दिसतो." साइट झाली आणि आठवड्यातच वाशीमहून फोन आला. गाडी न बघता, फोटोवर माणूस बोलत होता. त्या दिवशी मी सरांना पेढे नेऊन दिले. त्या पेढ्यांचं मला आजही वाईट वाटतं.

कारण साइट पडायला लागली. साइट पडते, हे मला मान्य आहे. इंजिन बंद पडतं, साइटही पडेल. पण इंजिन बंद पडलं तर रशीदभाई बॉनेट उघडतात. रिंढे सर बिघाड गिऱ्हाइकात शोधायचे.

"सर, साइट दिसत न्हाई."

"तुमच्याकडून हाये."

"मी काय केलं?"

"मोबाईल बंद करून चालू करा."

"केला."

"दुसऱ्याच्या मोबाईलवर बघा. रेंजमध्ये या. उन्हात उभे ऱ्हा, सावलीत रेंज कापती. बघा आता. आलं?"

आणि तेवढ्यात आलेलं असायचं. कारण आपण उन्हात उभे असताना सर इकडं पार्टिशनमागं जाऊन काही तरी करून आलेले असायचे. पण कबूल? कधीच नाही. "बघा, मी म्हनलं व्हतं ना? तुमच्याकडूनच व्हतं."

हे सगळं अज्ञानातून झालं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण त्यांना कळत होतं, आणि फार छान कळत होतं. एकदा मी चिडून त्यांच्या माडीवर गेलो, तर त्यांनी मला गॅलरीत नेलं आणि खालचं बसस्टँड दाखवलं.

"शेठ, सर्व्हर म्हंजी हे स्टँड समजा. तुमी चौकशीच्या खिडकीशी आले. पत्रकातच नसलेली गाडी मागितली. खिडकीवाला म्हनतो, अशी गाडीच न्हाई. हे झालं चारशे चार. गाडी हाये, फलाटाला लागली हाये, पन कंडक्टर चढू देईना. हे चारशे तीन. गाडी भरली, जागा न्हाई, मागून या. पाचशे तीन. खिडकीवाल्यानं डेपोत इचारलं आन् डेपोतून भलतंच उत्तर आलं, पाचशे दोन. इचारलं आन् उत्तरच येईना, पाचशे चार."

"आणि नुसतं पाचशे?"

"ड्रायव्हर चक्कर येऊन पडला. काय झालं ते कुनालाच सांगता येईना." टोपण कानात फिरवत ते हसले. "ध्यानात ठेवा. चारशेवालं पाप गिऱ्हाइकाचं, पाचशेवालं पाप आपलं."

मी खूष झालो. इतकं सोपं मला आयुष्यात कुणी शिकवलं नव्हतं. मी विचारलं, "मंग सर, तुमच्याकडं पाचशेवालं किती येतं?"

"आपल्याकडं?" सर म्हणाले. "येतच न्हाई."

त्यांची ही विद्या ते कशी वापरत, ते मी भुजंगरावांच्या वेळी पाहिलं. भुजंगरावांचं मंगल कार्यालय आहे. त्यांच्या साइटवर हॉलचे फोटो दिसेनात. लोक फोटो उघडायला गेले की 'परवानगी नाही'. लग्नसराई तोंडावर होती. भुजंगराव माडीवर येऊन बसले, मी माझ्या कामासाठी आधीच बसलेलो. सर म्हणाले, "मोबाईल जुना झाला तुमचा. हा मोबाईल नवे फोटो घेतच न्हाई." भुजंगराव बिचारे त्याच पावली उठले, खाली गेले आणि दुकानातून नवा मोबाईल घेऊन आले. तेवढ्या वेळात सरांनी काय केलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. फोटोंच्या फोल्डरला कडी लागलेली होती, ती त्यांनी काढली. दोन वेळा क्लिक केलं. बस. कडी कुणी लावली असेल? फोल्डर हलवताना त्यांनीच.

भुजंगरावांनी नवा मोबाईल उघडला. फोटो आले.

"झालं ना?" सर म्हणाले. "चांगला मोबाईल घेतला. बॅटरी बी चांगली ऱ्हाती ह्याची."

भुजंगरावांनी त्यांचे आभार मानले. हात हातात घेऊन मानले. मी खाली उतरलो आणि जिन्यातच थुंकलो.

तेव्हाच साइट काढून घ्यायला हवी होती, असं रशीदभाई म्हणतात. पण धंदा चालू असताना चालत्या गाडीचं चाक कोण काढतं?

फ्लेक्सचं खूळ त्यानंतर निघालं. एका सकाळी माझी साइट पडली, पण नेहमीसारखा कोरा पांढरा कागद आला नाही. झेंडूच्या माळा आल्या. 'हार्दिक शुभेच्छा' आलं. त्याखाली माझा फोटो, आणि कोपऱ्यात हात जोडलेले रिंढे सर : शुभेच्छुक. मी फोन लावला.

"सर, ट्रॅक्टर कुठं गेले?"

"येतील, येतील. तोवर गिऱ्हाइकाला नमस्कार नको का घालाय? चूक दाखवनं अशुभ असतं शेठ. दारात आलेल्या मानसाला आपन 'घरात भांडन चालू हाये' असं सांगतो का? या, बसा म्हनतो."

त्यांनी सगळ्याच साइटींना हे लावलं होतं. काहीही बिघडो, पडद्यावर फ्लेक्स. सणाप्रमाणं फ्लेक्स बदलायचा आणि ज्याची साइट त्याचा फोटो आपोआप खाली बसायचा. गावाला हे फार आवडलं. लोक स्वतःची पडलेली साइट एकमेकांना दाखवायचे. "माझा फोटो बघितला का? सरांनी टाकलाय." साइट बंद आहे, ही तक्रारच गावातून गेली. गुळगुळीत रंग मारून तडा गेलेला गिअरबॉक्स विकतात ना, तसं. मी हा रंग ओळखायला हवा होता, मी त्यातलाच आहे. पण माझाही फोटो होता त्यावर.

आता माझा हंगाम सांगतो. अंकुशनगरच्या कारखान्याचं गाळप दिवाळीच्या पुढंमागं सुरू होतं. त्याआधी ऊस ओढणारे लोक ट्रॅक्टर घेतात. पण पितृपक्षात कुणी सौदा करत नाही. सगळे थांबलेले असतात. सर्वपित्री झाली, घट बसले की फोन सुरू होतात, आणि ट्रॅक्टर दारात जातो तो दसऱ्याच्या मुहूर्तावर. म्हणजे माझं वर्ष त्या घटस्थापना ते दसऱ्याच्या दिवसांवर उभं असतं. त्या वर्षी तर जाफराबादच्या तेजराव अण्णांनी सांगून ठेवलं होतं, ऊस ओढायच्या टोळीचे सगळे ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या माझ्याकडून उचलणार. फोनवर भाव फिरवून झाला होता, फक्त शब्द बाकी होता. "घट बसले की साइटवर एकदा माल बघतो आन् शब्द देतो," म्हणाले. मी आवार भरून ठेवलं. रशीदभाईंनी एकेक इंजिन खोलून बसवलं. सगळं माझं त्यात होतं.

घट बसले. फोन वाजला नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. जे रोज फोन करायचे त्यांचेही नाहीत. मी मोबाईल बंद करून चालू केला. रिंढे सरांनी मला तेवढं शिकवलं होतं. उन्हात जाऊन उभा राहिलो. रेंज होती. रशीदभाईंना म्हणालो, "माझ्या नंबरवर फोन लावा." त्यांनी लावला. वाजला.

आणखी एका दिवसानं एक जीप आवारात आली. तेजराव अण्णा उतरले, सोबत चार माणसं, सगळ्यांच्या डोक्याला पांढऱ्या टोप्या. चपला बाहेर काढून शेडमध्ये आले आणि सतरंजीवर बसले. बोलेनात. रशीदभाईंनी पाणी दिलं. अण्णांनी पाणी कपाळाशी नेऊन खाली ठेवलं आणि म्हणाले, "कसं झालं?"

रशीदभाईंना वाटलं, इंजिनाचं विचारतात. म्हणाले, "कल तक बराबर चालत होता. अचानक जाम झाला."

"आसं अचानकच ऱ्हातं," अण्णा म्हणाले. "मानूस तापट व्हता, पन शब्दाचा."

मी रोटाव्हेटरच्या खाली होतो. हे ऐकून बाहेर आलो. ग्रीसनं माखलेला, हातात पाना. अण्णांच्या सोबतचा एक जण सतरंजीवरून मागं सरकत भिंतीला जाऊन टेकला.

अण्णांनी मोबाईल काढून मला दाखवला. माझीच साइट, इतक्या दिवसांत मी ती उघडून बघितलीच नव्हती. काळी किनार, मेणबत्त्या, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली मी.

झालं होतं असं. तालुक्यातले एक जुने पुढारी वारले. सरांनी दसऱ्याचा फ्लेक्स काढून श्रद्धांजलीचा लावला. वर पुढाऱ्याचा फोटो, खाली 'शोकाकुल' म्हणून साइटच्या मालकाचा. पुढाऱ्याचा फोटो काही बसला नाही, 'शोकाकुल' शब्द लहान मोबाईलवर कापला गेला. उरलो मी. आणि तो फ्लेक्स चढवताना सरांनी जी काही खुडबूड केली, तिच्यानंच सगळ्या साइटी पडल्या. म्हणजे ज्या हातानं श्रद्धांजली लावली, त्याच हातानं माणसं मारली. त्या सकाळी अंबडचे निम्मे व्यापारी वारले. भुजंगराव त्यांच्या नव्या मोबाईलवर वारले. बाकीचे हसले, कारण त्यांची गिऱ्हाइकं गल्लीतली, समोरासमोरची. माझी जाफराबाद, मेहकर, वाशीमची. ती साइट बघूनच मला ओळखत होती.

"अहो अण्णा, मंग फोन तरी करायचा," मी ओरडलो.

"मयताच्या घरी सौद्याचा फोन करत असतेत का?" अण्णांना माझ्या ओरडण्यानं वाईट वाटलं. "तेरावा झाल्यावर पोरास्नी भेटावं म्हनलं. पन मन राहीना, म्हनून बसायला आलो. आन् गाळप तर थांबत न्हाई शेठ. काल जालन्यात शब्द देऊन आलो, दुसऱ्या आवारात."

शब्द देऊन आलो. आता मी त्या माणसाला काय म्हणणार? शब्द मोड? मीच जन्मभर शब्दावर जगलेलो. बाकीच्यांनीही तेच केलं. माझा तेरावा दसऱ्याच्या पुढं जात होता. सगळ्यांनी माणुसकीनं वाट बघितली आणि माझा हंगाम त्या माणुसकीत गेला. कुणी लबाडीनं बुडवलं असतं तर मी त्याचं नरडं धरलं असतं. चांगुलपणाचं नरडं कुठं धरता येतं?

धरण्यासारखं एकच होतं. मी आणि रशीदभाई माडीवर गेलो. रशीदभाईंची मुलगी शबाना पुण्यात याच कामात आहे, तिला फोनवर घेतलं.

"सर, मी मेलोय का?"

"बसा शेठ. चहा सांगू?"

"मी मेलोय का, तेवढं सांगा."

"आता ते कसं हाये..." टोपण निघालं. "तुमच्याकडून हाये ते. फोटोच तुमी तसा दिलता. बघा हा चेहरा. फोटोत मानसानं हसाय पाह्यजे. हसरा असता तर श्रद्धांजलीखाली बी कुनाला तसं वाटलं नसतं."

रशीदभाईंना हसू आवरेना. त्यांनी खोकल्याचं केलं.

फोनमधून शबाना म्हणाली, "सर, सर्व्हरची नोंदवही, लॉग उघडता का?"

"उघडलेलंच हाये. सगळं दोनशे. दोनशे म्हंजी एकदम ओके. बघा, साइट पडलीच नव्हती."

"ते येण्याजाण्याचं लॉग झालं. तुम्ही चुकीच्या पानालासुद्धा, त्या फ्लेक्सलासुद्धा, दोनशे लावून ठेवलंय, मग ते ओकेच म्हणणार. एरर लॉग उघडा."

सरांनी उघडलं. शेतातल्या ज्वारीच्या तासांसारख्या एकाखाली एक ओळी, आणि सगळ्या एकच. शबानानं वाचायला सांगितलं. सर वाचेनात. मग रशीदभाईंनी एकेक अक्षर लावून वाचलं. अमुक फाईल, अमुक ओळ, आज्ञा कळली नाही.

"काका," शबाना मला म्हणाली, "त्या फाईलला शेवटचा हात कधी लागला, ते बाजूलाच दिसतं. बघा."

दिसत होतं. घटस्थापनेची सकाळ. श्रद्धांजली चढवली तीच वेळ.

"पाचशे आहे ना सर?" मी विचारलं. "तुमच्याच भाषेत, ड्रायव्हर पडला ना?"

सर त्या ओळींकडं बघत राहिले. क्षणभर मला वाटलं, आता म्हणतील. तोंड उघडलंही होतं. मग ते म्हणाले, "ड्रायव्हरला चक्कर येती ती रस्त्यानं शेठ. रस्ता कुनाचा हाये?"

मी टेबलावरचा कीबोर्ड उचलून भिंतीवर मारला. सगळ्या खोलीत शेंगांची टरफलं उडाली. सर शांतपणे दुसऱ्या कीबोर्डवर गेले, ती ओळ नीट केली आणि माझ्याकडं बघून हात जोडले. "बघा आता. आलं?"

आलं होतं. आवार भरून ट्रॅक्टर, एकेकाची नंबरप्लेट चकचकीत. घेणारं कुणी नव्हतं.

पुढं शबानानं माझी साइट दुसरीकडं नेली. आता पडली तर 'साइट पडली आहे, चूक आमची आहे, या नंबरवर बोला' असं येतं. ते वाक्य मी सांगून लिहून घेतलं. हळूहळू बाकीच्यांनीही साइटी काढून नेल्या. भुजंगरावांनी सर्वांत शेवटी. सरांच्या माडीवर कुणी जाईना. मी त्या स्टँडवरून जाताना वर बघत नसे.

गेल्या उन्हाळ्यात एक टेम्पो माझ्या आवारात शिरला. मागं जनरेटर. पुढून रिंढे सर उतरले. पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशाला पेनं.

"शेठ, जुना माल तुमीच घेता."

टेम्पोवाला रशीदभाईंना हळूच म्हणाला, की जालन्यात दोन ठिकाणी फिरून आलो, कुणी घेईना. सरांना गरज होती. ती त्यांच्या चपलांवरही दिसत होती. रशीदभाईंनी जनरेटर चालू करून ऐकला. "इंजन अच्छा है शेठ. बिलकुल."

सरांनी भाव सांगितला. मी सवयीनं अर्ध्यावर यायला तोंड उघडलं आणि थांबलो.

"कबूल," मी म्हणालो. "तुमचा भाव कबूल. पण एक वाक्य म्हणायचं. 'ती चूक माझी होती.' इथं, रशीदभाईंसमोर."

सर हसले. "झालं गेलं शेठ."

"म्हणा."

"चूक झाली, म्हनतो."

"कुणाची?"

"परिस्थितीच तशी व्हती."

"कुणाची सर?"

"आर्धी-आर्धी करू. दोघांची म्हनतो."

आयुष्यात मी असा सौदा केला नव्हता. मी पूर्ण भाव देऊन उभा, आणि विकणारा खाली उतरेना. उन्हानं जनरेटरचा पत्रा तापला होता. सरांनी त्यावर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. टोपण काढलं, पण कानापर्यंत नेलं नाही. फार वेळ ते माझ्या शेडकडं बघत राहिले, जिथं त्यांनी गुडघे टेकून फोटो काढले होते.

"शेठ," ते शेवटी म्हणाले, "तुमी निम्म्यात घ्या. पन ते ऱ्हाऊ द्या."

ज्या अर्ध्या भावासाठी मी जन्मभर घसा फोडला, तो आज स्वतः चालत दारात आला होता. म्हणजे त्या वाक्याची किंमत त्यांना माहीत होती. इतकी वर्षं बरोब्बर माहीत होती.

"उचला," मी म्हणालो.

"शेठ, निम्म्यात..."

"उचला. मला हा माल आवारात नको."

टेम्पोवाल्यानं जनरेटरवर ताडपत्री टाकली. ताडपत्री कुठली, जुना फ्लेक्सच तो. दोरीनं आवळला. सर पुढं जाऊन बसले. मागून त्यांचं फक्त डोकं दिसत होतं, आणि ते वळलं नाही.

"शेठ, आधे में मिल रहा था," रशीदभाई म्हणाले.

टेम्पो रोडला लागला. वाऱ्यानं फ्लेक्स फुगला आणि त्यावरची चुरगळलेली अक्षरं सरळ झाली : हार्दिक शुभेच्छा. त्याखाली दोरीच्या दोन वेढ्यांमधून रिंढे सरांचा चेहरा, हात जोडलेले. टेम्पो पार कोपऱ्यावर वळेपर्यंत तो माझ्याकडं बघत होता. फोटो चांगला होता. फोटोत माणसानं हसायला पाहिजे, तसा हसरा होता.